दुसरा ब्रेक

गाडीबाई त्या दिवशी घरी आल्या त्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा थाटात. दुसरा बूट बाजाराच्या वळणावर राहिला होता. तो त्यांनी काही हौसेनं काढून ठेवला नव्हता. चालत्या गाडीच्या तळातून तो खाली पडला होता.

झालं होतं असं, की गाडी शिकायला शिंपी बसला होता. शिंपी माणूस सज्जन, पण सगळी हयात पायाचं शिवणयंत्र चालवण्यात गेलेली. त्याच्या पायांना एकच चाल ठाऊक होती : दाब-सोड, दाब-सोड. ॲक्सिलरेटरवरही तो तसाच पाय चालवी आणि गाडी उड्या मारत पुढे जाई. वळणावर समोरून एकदम फळांची हातगाडी आली, शिंप्याचा पाय नेमका 'दाब'वर होता, आणि शेजारी बसलेल्या बाईंची टाच खाली गेली ती गेलीच. पत्रा कुरकुरला, फाटला आणि नडगीपर्यंत पाय रस्त्यावरच्या वाऱ्यात लोंबू लागला. बूट निसटला आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली त्याचं जे व्हायचं ते झालं.

शिंप्याला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं गाडी हातगाडीच्या वीतभर अलीकडे उभी केली होती आणि तो घामाघूम होऊन विचारत होता, "थांबवली की नाही, बाई?"

"थांबवलीत. छान थांबवलीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय हळूच वर ओढून घेतला.

घरी आल्यावर लेकीनं मोज्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तळ सडलाय गाडीचा. गंज, दुसरं काय!" हे खोटं नव्हतं. पण भर रस्त्यात बाईंची टाच इतक्या जोरानं तळावर कशाला आपटली असेल, याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आता ही गाडी काय चीज होती ते सांगायला हवं. अस्मानी रंग, गोल दिवे, गुबगुबीत मडगार्ड. तिचं नाव 'शहाणी'. बाईंनीच ठेवलेलं. गाडीत दोन माणसं आणि गाडी मिळून एक तरी शहाणं असावं, असं त्यांचं म्हणणं. बाई या एका गाडीवर ड्रायव्हिंग शिकवायच्या, आणि गावातला डॉक्टर, पोस्टमन, शाळेची हेडमास्तरीण, झाडून सगळे शहाणीवरच शिकलेले. असल्या शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकाऊ माणूस गोंधळला की शिकवणाऱ्यानं आपला ब्रेक दाबायचा, अशी रीत. आणि गाडीबाईंचा सगळा लौकिक या एका गोष्टीवर उभा होता, की त्यांनी तो दुसरा ब्रेक कधी म्हणजे कधीच दाबला नव्हता.

"तो असतो वेळप्रसंगाला," बाई सांगत. "पण वेळ शिकणाऱ्यानंच निभवायची. मी एकदा दाबला, की तो जन्मभर माझ्या पायाची वाट बघत बसेल."

बसायच्याही अशा, की बघत राहावं. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर, चेहरा चहा यायची वाट बघणाऱ्या माणसाचा. समोर बस येवो, ट्रक येवो, भिंत येवो, बाईंच्या भुवईचा केस हलत नसे. "बाई घाबरत कशा नाहीत?" असं लोक एकमेकांना विचारत आणि बाईंच्या कानावर ते आलं, की त्या नुसत्या हसत. नाही म्हणायला, त्या हसण्यात चिमूटभर घमेंड असे.

पण शिकाऊ माणसाची मान अशी ताठ असते, की त्याला शेजारणीचे पाय बघायला फुरसत कुठली? पाहिले असते तर दिसलं असतं. बाई घाबरत होत्या. प्रत्येक वळणावर, प्रत्येक शिकाऊबरोबर घाबरत होत्या. फक्त त्यांची टाच ब्रेकवर जात नसे. ती ब्रेकच्या शेजारी, गाडीच्या तळावर रोवली जाई, सगळ्या अंगाचा जोर घेऊन. तेवढी एक जागा त्यांनी भीतीला दिली होती. वर्षं गेली तसा तिथला रंग उडाला, मग पत्र्याला पोचा पडला, पोच्याचा खड्डा झाला. तो कुणाला दिसू नये म्हणून बाईंनी त्यावर जाड रबरी मॅट घातली, मॅटवर सतरंजीचा तुकडा अंथरला, आणि त्या बाजूची झाडलोट कुणालाही करू दिली नाही. छत्रीचं पाणी, बुटांचं पाणी, खिडकीच्या कुजक्या रबरातून झिरपणारं पाणी, सगळं त्या मॅटखाली जाऊन बसलं आणि तिथंच राहिलं. शहाणीचा तळ वयानं सडला नव्हता. बाईंच्या झाकाझाकीनं सडला होता, आणि हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

लेकीनं त्याच संध्याकाळी विषय काढला.

"आई, बस झालं. नवी गाडी घेऊ. शहाणी बदलायची."

"बदलायला ती काय पलंगावरची चादर आहे? दुरुस्त होईल."

"दरवाजे खालून गंजानं खाल्लेत. आता तळही गेला. उद्या शिकाऊच खाली पडायचा."

"शिंपी पडला तर बरंच. निदान पाय तरी थांबतील," बाई म्हणाल्या. पण लेक हसली नाही.

बाईंचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून लेकच बहुतेक सगळ्यांना शिकवायची. ऑफिसातली बरी चाललेली नोकरी सोडून ती यात आली होती. शिकवायची मन लावून, समजावून सांगायची बाईंपेक्षाही छान. पण तिचा पाय कायम दुसऱ्या ब्रेकवर. समोर मांजर दिसलं तरी दाबायची. तिचे शिकाऊ पास व्हायचे आणि मग महिनाभर शेजारी कुणी नसलं की रडकुंडीला यायचे. बाई एकदोनदा बोलल्या होत्या. त्यावर लेक म्हणाली होती, "मी घाबरते, आई. सगळे तुझ्यासारखे दगडाचे नसतात." हे ऐकून बाईंना आतून बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी शहाणीला घेऊन गॅरेजात गेल्या. लेक चालवत होती, बाई मागच्या सीटवर. काल टाचेसरशी सरकलेली मॅट आणि सतरंजी भोकावर पुन्हा नीट ओढलेली होती. ते काम बाईंनी सकाळी लेक उठायच्या आत उरकलं होतं.

गॅरेजचा मिस्त्रीही बाईंचाच विद्यार्थी. कधीकाळी शहाणी त्यानं थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली होती. अजूनही बाई दिसल्या की तो हातातला पाना खाली ठेवी. त्यानं गाडी जॅकवर घेतली, खाली सरकला, इथं-तिथं ठोकून पाहिलं आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत तांबूस भुगा होता.

"इंजिनाला हात लावायची गरज नाही, बाई. ठणठणीत आहे. दरवाजे मी करून देतो. पण शिकवणाऱ्याच्या बाजूचा तळ पार गेलाय. बाकी तळ तसा चांगला आहे, तेवढ्याच जागी का गेला, कळत नाही."

"खालून पत्रा लावून टाक की," बाई घाईनं म्हणाल्या. "वरून उघडायची काही गरज नाही."

"सडक्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, बाई. सीट काढायची, मॅट काढायची, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. दुसरा रस्ता नाही."

बाईंचं लक्ष सतरंजीकडे गेलं. दुरुस्ती म्हटलं की मॅट निघणार. मॅट निघाली की खड्डा दिसणार, आणि ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही तो टाचेचा आहे हे कळणार. मिस्त्री पोटात काही ठेवणारा नव्हता. त्याच्याकडून न्हाव्याकडे, न्हाव्याकडून गावाला. एवढ्या वर्षांची ती चहाची वाट बघणारी मुद्रा दोन दिवसांत चेष्टेचा विषय झाली असती.

"दुरुस्त करू नका, मिस्त्री," लेक म्हणाली. "भंगारात देऊ. आम्ही नवी घेतोय."

मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं झालं. गाडी जाईल, मॅट जाईल, खड्डा जाईल, लौकिक तेवढा मागे राहील. रात्री उशीत तोंड खुपसून रडता येईलच. त्या म्हणाल्या, "तुझी शाळा, तू ठरव."

"ताई, गाडी वाईट नाही हो," मिस्त्री म्हणाला. "अशी आता मिळायची नाही."

"मला ठाऊक आहे. गाडीचा दोष नाहीच." लेक शहाणीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती. ती बोलायला लागली ती मिस्त्रीशी, पण ते होतं आईसाठी. "मला त्या सीटवर बसवत नाही. तिथं बसलं की वाटतं, ही जागा आईची. आईनं ब्रेक दाबला नाही आणि मी दर दोन मिनिटांनी दाबते. मला हे काम जमतच नाही. जमणार कसं? मला गाडी तरी कुठे जमली होती? पाण्याच्या टाकीचा उतार आठवतो ना, आई? मी शिकत होते. खाली भिंत. माझे हातपाय गळाले होते. गाडी भिंतीला टेकता टेकता राहिली. तेव्हा तूच ब्रेक दाबलास. मला वाईट वाटू नये म्हणून कधी बोलली नाहीस, इतकंच."

बाई चमकल्या. "मी नाही दाबला."

"राहू दे, आई. गावाला सांगतेस ते मला नको सांगूस."

"अगं, खरंच नाही दाबला!"

लेक मायेनं हसली. लहान मुलाची समजूत काढताना माणूस हसतं, तसं. आणि ते हसणं बाईंच्या काळजात घुसलं. इतकी वर्षं ही पोर असं धरून बसली होती. बाईंनी न घाबरण्याचा जो डौल मिरवला, त्याच्या सावलीत ही स्वतःला भित्री आणि नालायक समजत वाढली होती. आणि आता तोंडानं कितीही सांगितलं तरी तिला पटणार नव्हतं. पटवून देईल अशी एकच गोष्ट होती, आणि ती दोघींपासून दोन हातांवर सतरंजीखाली होती.

बाईंनी पदर खोचला. शहाणीचा दरवाजा उघडला, कुरकुरते गुडघे जमिनीला टेकले आणि सतरंजीचा तुकडा खसकन ओढून बाहेर टाकला. मग मॅट. मॅट कडांना पत्र्याला चिकटली होती, निघताना तिनं गंजाचे पापुद्रे सोबत आणले. गॅरेजभर ओलसर, जुनाट वास सुटला.

"ये. बघ," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, तूही ये. तुझ्यापासून आता काय लपवायचं!"

लेक वाकली. दुसरा ब्रेक तिथं होता. त्याच्यावरच्या रबराच्या रेघा जशाच्या तशा उठून दिसत होत्या, कडेला कारखान्यातून येतानाचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच. धूळ होती, पण झीज नव्हती. आणि त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, पत्र्यात खोल खड्डा होता. बशीएवढा. मध्ये कालचं भोक, भोवती ठोकून ठोकून खाली गेलेला पत्रा, आणि एका बाजूला स्पष्ट, अर्धगोल, टाचेची कड.

मग मिस्त्रीनं हळूच विचारलं, "हे काय, बाई?"

"मी घाबरायची ना, त्याच्या खुणा," बाई म्हणाल्या. त्या लेकीकडे वळल्या. "सगळ्यांच्या वेळी घाबरले. तुझ्या वेळी तर फारच. ब्रेकवर जायचा नाही म्हणून पाय इथं रोवून धरायची. लाज वाटायची म्हणून झाकलं. झाकलं म्हणून गंजलं."

लेकीनं त्या खड्ड्यात हात घातला. कडेवरून बोट फिरवलं. मग ब्रेकच्या रबरावरून फिरवलं. मग पुन्हा खड्ड्यात.

"उतारावर..." ती म्हणाली.

"उतारावर मी टाच अशी आपटली, की पाय मुरगळला. आठवडाभर लंगडत होते. तुला काय सांगितलं होतं?"

"जिन्यावरून पाय घसरला म्हणून." लेकीचा आवाज एकदम लहान झाला. "शेक मीच दिला होता तुला."

"हो. जिना बिचारा जागच्या जागी होता."

"मग गाडी कुणी थांबवली?"

"गाडीत आपण दोघीच होतो," बाई म्हणाल्या. "आणि मी तर नाही थांबवली."

लेक उठली. गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, चालवणाऱ्याच्या जागेवर बसली आणि आपला पाय तिथल्या ब्रेकवर ठेवला. नुसता ठेवला. त्या ब्रेकचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं, इतक्या जणांनी तो दाबला होता. बाईंना जमिनीवरून उठता येत नव्हतं आणि उठवायला सांगायचं धाडसही होत नव्हतं.

मिस्त्री उकिडवा बसून खड्डा निरखत होता. "बाई," तो म्हणाला, "न्हाव्याच्या पायरीचा पोचा कुठला असेल यात?"

"गाढवा," बाई म्हणाल्या, "तुझा एक असता तर दाखवला असता." आणि मग बाई हसल्या, मिस्त्री हसला, आणि पलीकडून लेकही हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तळ किती लवकर करून द्याल?"

बाईंनी वर पाहिलं. "आणि नवी गाडी?"

"नव्या गाडीचं मग बघू. मला अजून हिच्यात शिकवायला शिकायचंय." ती खाली उतरली, आईला काखेत हात घालून उठवलं आणि साडीला लागलेला गंज झटकू लागली. "दरवाजे खालून नवे करा, मिस्त्री. खिडक्यांची रबरं बदला. दोन्ही ब्रेक तपासा, दुसराही. आणि तळावर मॅट नको. सतरंजी तर दिसता कामा नये मला. पाणी आलं तर दिसलं पाहिजे."

"पत्रा कसा टाकू?"

"जाड," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

मिस्त्रीनं जे करायचं ते केलंच. कापलेला तुकडा फेकला नाही, घासून, तेल लावून गॅरेजात खिळ्याला टांगला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगितली. बाईंनी दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरीण घरी आली. बाई मान खाली घालून बसल्या. ती म्हणाली, "मी पाहून आले. मला वाटायचं तुम्हाला भीतीच वाटत नाही, मग त्यात काय मोठं? आता कळलं." ती एवढंच बोलून गेली. पण बाईंची मान त्या दिवशी जी वर झाली ती पुन्हा खाली आली नाही.

शहाणी घरी आली ती नव्या नवरीसारखी. तिचा पहिला फेरा अर्थात शिंप्याचा. तो रोज येऊन चौकशी करून जात होता. पुढे शिंपी, शेजारी लेक, आणि मागे बाई. मागे बसायचं कारण त्यांनी हवापालट असं सांगितलं.

शिंप्यानं गाडी काढली. दाब-सोड, दाब-सोड, शहाणी उड्या मारत निघाली. नेमकी बाजाराच्या वळणावर एक सायकलवाली मध्ये आली. शिंप्याचा पाय 'दाब'वर गेला. बाईंनी मागून लेकीकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. चेहरा समोर. आणि खालून 'ठप्' असा दणदणीत आवाज आला. गाडी हिसका खाऊन उभी राहिली. सायकलवाली शिव्या घालत निघून गेली.

शिंपी पांढराफटक पडला होता. "ताई, तुम्ही मारलात ना ब्रेक?"

"नाही."

"खरं सांगा."

"हे बघा." लेकीनं पायाकडे बोट केलं. टाच ब्रेकपासून बोटभर दूर, उघड्या पत्र्यावर रोवलेली होती. "मी तर घाबरून अर्धी झाले, शिंपीकाका. माझा पाय अजून लटपटतोय. पण गाडी तुम्ही थांबवलीत."

शिंप्यानं तिच्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. आणि मग असा ताठ बसला, की त्याचं डोकं टपाला लागलं. त्यानं गिअर टाकला. या वेळी पाय सावकाश दाबला आणि तसाच धरून ठेवला. शहाणी उडी न मारता सुटली.

बाईंनी आयुष्यभर जे झाकलं होतं, ते ही पोरगी पहिल्याच फेरीत बोट करून दाखवून मोकळी झाली होती. माझ्यापेक्षा चांगली शिकवते, त्यांनी मनात म्हटलं, आणि ते म्हणताना त्यांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मग त्यांचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. दोन्ही टाचा मागच्या तळावर गच्च रोवलेल्या होत्या. मागचा पत्रा अजून जुनाच होता. उद्याच मिस्त्रीला सांगून इथंही जाड टाकून घ्यायला हवा, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढचं वळण आलं तेव्हा पाय तिथंच ठेवले.